कवा वाजतंय?

मालट्रकमधला आवाज जिथे ऐकू येतो तिथेच तो उमटलेला असतो असं नाही. हवेत आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो, पोलादात पाच हजार मीटरच्या वर. मागच्या अ‍ॅक्सलच्या हाउसिंगमध्ये एखादं बेअरिंग कुरकुरू लागलं की ती कुरकुर प्रोपेलर शाफ्टवरून, सेंटर बेअरिंगच्या ब्रॅकेटवरून, चासीच्या लांबलचक पोलादातून पुढे येते आणि केबिनच्या पत्र्यात जागी होते. ड्रायव्हर शपथेवर सांगतो, माझ्या सीटखाली वाजतंय, गिअरबॉक्सच गेला. तो खोटं सांगत नाही. त्याने ऐकलं ते खरंच आहे, फक्त ते लांबून आलेलं आहे.

म्हणून आमचे वस्ताद 'कुठं वाजतंय' असं विचारत नाहीत. गाडी गॅरेजच्या दारात उभी राहते, ड्रायव्हर खाली उतरून हातवारे करत सांगू लागतो, तोंडाने आवाज काढून दाखवतो, आधी कुणी काय सांगितलं तेही सांगतो. वस्ताद त्याला पुरतं बोलू देतात. मग हात पुसत विचारतात, "कवा वाजतंय?"

कोल्हापूरहून रत्नागिरीकडे माल नेणाऱ्या गाड्यांच्या घरात मी वाढले. जाताना साखर, गुळाच्या ढेपा, कधी सिमेंट. येताना जांभ्याचे चिरे. पुरुषांनी गाड्या बघायच्या आणि बायकांनी हिशोब, अशी घरात वाटणी होती. मी हिशोबाकडून सुरुवात केली. पण ज्या वस्तूंची बिलं मी वहीत उतरवत होते त्या असतात कशा, हे बघायला गॅरेजमध्ये जाऊ लागले, आणि तिथल्या आवाजांनी मला धरून ठेवलं. क्राउन-पिनियन, स्टार गिअर, सेंटर बेअरिंग, क्रॉस ही नावं मी आधी लिहिली आणि त्यांचे आवाज नंतर ऐकले. ऐकल्यावर वहीतला कुठला खर्च गाडीने मागितला होता आणि कुठला माणसाच्या घाईने करायला लावला होता, हे वेगळं दिसू लागलं.

इंजिनापासून चाकापर्यंत ताकद एका रांगेतून जाते. फ्लायव्हील, क्लच, गिअरबॉक्स, दोन-तीन तुकड्यांचा प्रोपेलर शाफ्ट, हाउसिंगमधला पिनियन, त्याला काटकोनात भिडणारा क्राउन, अ‍ॅक्सल, हब, टायर. या रांगेतला प्रत्येक जण वेगळ्या वेळी बोलतो. कुणी क्लच दाबला की, कुणी वळणावर, कुणी लोड आल्यावर, कुणी लोड सुटल्यावर. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि बाकी सगळं तसंच ठेवायचं. आवाज बदलला की नाही ते ऐकायचं. मग पुढची गोष्ट. असं करत करत रांगेतले लोक एकेक करून निर्दोष सुटत जातात. या शिस्तीचं मला आजही अप्रूप वाटतं, कारण ती कुठल्याही वर्कशॉपच्या भिंतीवर लिहिलेली नसते. ती माणसाकडून माणसाकडे, गाडीखाली पडल्या पडल्या, दिली जाते.

सगळ्यात सोपा प्रश्न क्लचचा. गाडी उभी, इंजिन चालू, गिअर न्यूट्रलला. क्लचवरून पाय काढलेला असतो तेव्हा इंजिनाबरोबर गिअरबॉक्सात शिरणारा शाफ्ट फिरत असतो, आणि तो आपल्या खालच्या काउंटर शाफ्टलाही फिरवत असतो. आता क्लच दाबायचा. दोघंही मंदावतात, थांबतात. इतका वेळ येणारी घरघर त्याच वेळी थांबली, तर ती गिअरबॉक्सच्या पुढच्या बेअरिंगची किंवा काउंटर शाफ्टची. उलट क्लच दाबल्यावरच कुईऽ सुरू झालं, तर रिलीज बेअरिंग. दाबला काय, सोडला काय, आवाज तसाच राहिला, तर शोध इंजिनाकडे न्यायचा. गाडी जागची हलवायची नाही, एक बोल्ट सोडायचा नाही, आणि इतकं कळतं. तरीही गिअरबॉक्स खाली घेऊन, उघडून, 'हा तर बरा आहे' म्हणत पुन्हा चढवणारे लोक मी पाहिलेत. त्या उतरवण्या-चढवण्याची मजुरी आमच्या वहीत आहे.

मग चालत्या गाडीचे प्रश्न. बऱ्याच जुन्या ट्रकांत टॉप गिअर सरळ असतो, म्हणजे आत शिरणारा शाफ्ट आणि बाहेर पडणारा शाफ्ट एकमेकांत गुंततात आणि ताकद काउंटर शाफ्टच्या वाटेने जातच नाही. खालच्या सगळ्या गिअरांत गुरगुरणारी गाडी टॉपला आल्यावर शांत झाली, तर काउंटर शाफ्टला भार नको झालाय. किंवा असं करायचं, की वेग ताशी 45 ठेवून चौथ्या गिअरमध्ये ऐकायचं आणि त्याच वेगाला पाचव्यात ऐकायचं. गिअर बदलला की इंजिनाचे फेरे बदलतात, चाकाचे बदलत नाहीत. आवाजाची पट्टी इंजिनाबरोबर हलली, तर दुखणं गिअरबॉक्समध्ये किंवा त्याच्या पुढे. पट्टी तशीच राहिली, तर गिअरबॉक्सच्या मागे. हबची परीक्षा रुंद, मोकळ्या रस्त्यावर गाडी हलकेच डावी-उजवी घेऊन होते, कारण डावीकडे वळताना भार उजव्या चाकांवर जातो आणि उजवं बेअरिंग खराब असेल तर तेव्हाच ओरडतं. टायरची परीक्षा रस्ताच घेतो. पुणे-मुंबई द्रुतगती मार्गाच्या काँक्रीटवर टायर एक बोलतो आणि जुन्या रस्त्याच्या डांबरावर वेगळं. रस्ता बदलताच जो आवाज बदलतो तो टायरचा. बेअरिंगला खाली काय पसरलंय याची खबर नसते.

आमच्या धंद्याला एक मोठी देणगी आहे, ती आंबा घाटाची. देशावरून कोकणात उतरायचं आणि कोकणातून देशावर चढायचं, दोन्ही वेळा गाडी भरलेली. चढाला इंजिन चाकांना ओढत असतं. उताराला गिअरमध्ये धरलेल्या गाडीत चाकं इंजिनाला फिरवत असतात. म्हणजे पिनियनच्या दाताची एक बाजू चढाला घासते आणि दुसरी उताराला. जो दोष चढाला गप्प असतो तो उताराला बोलतो, आणि उलटही. आमच्या गाड्यांची निम्मी दुखणी घाटाने उघड केलेली आहेत.

एका पावसाळ्याच्या तोंडाशी आमच्या एका गाडीला असा घूं आवाज लागला. चिरे भरून वर येताना नाही. साखर भरून खाली जाताना, आणि सपाटीला रेसवरून पाय काढला की. ड्रायव्हर मामांनी वाटेत एका गॅरेजला दाखवली. तिथे सांगण्यात आलं, गिअरबॉक्स उतरवू. मामांना ते पटलं नाही, पण कारण सांगता येईना. ते इतकंच म्हणाले, "ताई, गिअरबॉक्सचं दुखणं असतं तर चढाला बोललं असतं की."

वस्ताद स्वतः केबिनमध्ये बसले. मीही बसले. गाडी भरलेली हवी, हा त्यांचा आग्रह होता. रिकाम्या गाडीत दात एकमेकांवर टेकतात, दाबत नाहीत. बांबवडे ओलांडलं तसा रस्ता जरा मोकळा झाला. मामांनी सांगितल्याप्रमाणे 45 चा वेग धरला. चौथा, मग पाचवा. घूं त्याच पट्टीत. क्लच दाबला, आवाज बारीक झाला पण राहिला. गाडी हलकेच डावीकडे, मग उजवीकडे. काही फरक नाही. रेस दिली, आवाज गेला. पाय काढला, आला. वस्तादांनी काच खाली केली, एक हात बाहेर पत्र्यावर ठेवला आणि डोळे मिटून घेतले. बऱ्याच वेळाने म्हणाले, "गिअरबॉक्स न्हाई. पिनियनचं म्होरचं बेरिंग."

म्होरचं म्हणजे प्रोपेलर शाफ्टच्या बाजूचं. पिनियन दोन टेपर बेअरिंगांवर बसलेला असतो. त्याचे दात तिरके कापलेले असतात, म्हणून फिरताना तो नुसता फिरत नाही, आसाच्या दिशेने सरकूही बघतो. रेस दिली की तो क्राउनपासून लांब ढकलला जातो आणि तो दाब आतलं मोठं बेअरिंग घेतं. पाय काढला की तो क्राउनकडे ओढला जातो आणि तो ओढा बाहेरच्या लहान बेअरिंगवर येतो. बाहेरचं बेअरिंग झिजलं किंवा फ्लँजवरचा नट जरा सैल झाला, की पाय काढल्याबरोबर पिनियन केसभर क्राउनकडे सरकतो, दात नको तिथे टेकतात आणि घूं सुरू होतं. मामांना कारण सांगता येत नव्हतं, पण कारणाच्या दारापर्यंत ते पोचलेले होते.

गॅरेजमध्ये परत आल्यावर गाडी रिकामी केली, शाफ्ट सोडला. वस्तादांनी पिनियनचा फ्लँज दोन्ही हातांनी धरून आतबाहेर ओढला. मग माझा हात तिथे ठेवून पुन्हा ओढला. टक्. डोळ्यांना काही दिसलं नाही इतकी कमी हालचाल, पण तळहाताला स्पष्ट कळली. चांगल्या बसवलेल्या पिनियनमध्ये अशी ढिलाई अजिबात नसते. उलट नट घट्ट करून बेअरिंगांना थोडा दाब मुद्दाम देऊन ठेवलेला असतो. उघडल्यावर बाहेरच्या बेअरिंगच्या कड्याला बारीक खड्डे पडलेले दिसले. क्राउनचे दात शाबूत होते.

ते शाबूत होते याचं महत्त्व घाटाखालच्या माणसालाच कळेल. भरलेली गाडी उताराला एकट्या ब्रेकवर धरत नाहीत. ब्रेक तापले की त्यांची पकड जाते. ती गिअरवर धरतात, इंजिनच तिला मागे ओढत राहतं. पण उताराच्या मध्यावर क्राउनचे दात उडाले, तर इंजिन आणि चाकं यांचा संबंध तुटतो. मग कुठलाही गिअर लावा, गाडी मोकळी. डिझेल वाचवायला उताराला न्यूट्रलवर गाडी सोडणारे ड्रायव्हर ही मोकळीक आपल्या हाताने ओढवून घेतात, आणि त्यांच्यावर माझा खरा राग आहे. आवाज तपासायलाही न्यूट्रल मारायचा असेल तर तो सपाटीला, रिकाम्या रस्त्यावर. घाटात नाही, कधीच नाही.

नवी बेअरिंगं बसवल्यावरचं काम मला सगळ्यात सुंदर वाटतं. क्राउनच्या काही दातांना रंग लावतात. जुने मिस्त्री शेंदूर तेलात कालवून लावत. पिनियन हाताने फिरवायचा, मागेपुढे, आणि दातावर उमटलेला ठसा बघायचा. ठसा दाताच्या मधोमध, लांबट आला पाहिजे. टोकाशी गेला, मुळाशी गेला, तर पिनियनच्या मागे पातळ शिम घालायचा किंवा काढायचा, आणि पुन्हा रंग, पुन्हा फेरा. क्राउन आणि पिनियन कारखान्यात एकमेकांवर घासूनच जोडीने तयार होतात, जोडीने विकले जातात. एक बदलून दुसरा ठेवला तर ठसा जुळत नाही आणि गाडी रडत राहते. वस्तादांनी त्या दिवशी तीनचार वेळा शिम बदलला. अर्ध्या तासात गाडी देता आली असती. त्यांनी संध्याकाळ केली.

कोल्हापूरपासून पन्नासेक किलोमीटरवर मिरज आहे. तिथे सतारी आणि तंबोरे बनतात. तिथल्या सतारमेकर घराण्यांचे पूर्वज हत्यारं घडवणारे शिकलगार. एकोणिसाव्या शतकात त्यांनी वाद्यांचं काम हाती घेतलं. तंबोऱ्याची जवारी लावताना कारागीर घोडीचा माथा कणाकणाने घासतो, तार छेडतो, ऐकतो, पुन्हा घासतो. तार घोडीच्या माथ्यावर किती लांबीवर आणि किती हलकी टेकते यावर तिचा झंकार ठरतो. शिम घालणाऱ्या वस्तादांना बघताना मला मिरजेतली ती माणसं आठवतात. दोघांच्या हातात तोच प्रश्न असतो, दोन पृष्ठभागांनी एकमेकांना कुठे आणि किती शिवायचं. एकाला त्यातून सूर जागवायचा असतो, दुसऱ्याला निजवायचा. कानाची मेहनत मात्र सारखीच.

क्राउनच्या रडण्याला सूर असतो म्हणते ते लाक्षणिक नाही. थोडं गणित मांडते. मोठ्या ट्रकचा टायर एका फेऱ्यात साधारण 3.2 मीटर जातो. ताशी 60 किलोमीटर म्हणजे सेकंदाला 16.7 मीटर, म्हणजे चाकाचे सेकंदाला पाचाहून थोडे जास्त फेरे. क्राउनला 41 दात आणि पिनियनला 6 असतील, तर प्रोपेलर शाफ्ट चाकाच्या पावणेसातपटीहून जरा जास्त फिरतो, सेकंदाला 35 च्या आसपास. शाफ्टच्या क्रॉसमुळे, म्हणजे त्याच्या कोनात फिरणाऱ्या सांध्यामुळे, होणारी चलबिचल फेऱ्याला दोनदा, म्हणजे सेकंदाला 70. आणि क्राउनचे दात पिनियनला सेकंदाला सुमारे 213 वेळा भेटतात. सेकंदाला 213 कंपनं म्हणजे पेटीवर काळी चार आणि पांढरी सहा यांच्या मधोमधचा सूर, बायका गायला बसतात त्या पट्टीच्या अगदी जवळचा. वेग वाढला की सूर चढतो, कमी झाला की उतरतो, मधल्या सगळ्या श्रुतींवरून मींड घेत. वस्तादांना हे गणित लागत नाही. ते असं ओळखतात: जो मोजता येतो तो टायरचा, जो हाताला थरथर म्हणून लागतो तो शाफ्टचा, जो सूर म्हणून ऐकू येतो तो दातांचा. मी गणित करून त्यांना दाखवलं तेव्हा त्यांनी ते लक्ष देऊन ऐकलं आणि विचारलं, "दात कमी असले तर सूर खाली येणार, बरोबर?" बरोबर.

काहीच मोडलेलं नसताना गाडी थरथरते, असंही होतं. एका गाडीचा प्रोपेलर शाफ्ट कुणीतरी ग्रीस भरायला सोडला होता आणि परत जोडला होता. त्यानंतर ती 40 च्या वर गेली की केबिनमधला आरसा धूसर व्हायचा इतकी हलायची. सेंटर बेअरिंगचं रबर पाहिलं, चांगलं. क्रॉस हलवून पाहिले, घट्ट. चाकं, नट, सगळं जागेवर. गॅरेजमधला पोरगा, वस्तादांच्या हाताखाली नवा आलेला, गाडीखाली पाठीवर पडून शाफ्ट न्याहाळत होता. तो म्हणाला, "वस्ताद, दोन्ही टोकांचे योक एका रेषेत न्हाईत."

वस्ताद खाली गेले, वर आले आणि पोराच्या पाठीवर हात ठेवला.

झालं होतं ते असं. कोनात बसवलेल्या क्रॉसमधून फेरा जसा जातो तसा बाहेर पडत नाही. एका बाजूने एकसारखा फिरवला तरी दुसरी बाजू प्रत्येक फेऱ्यात दोनदा वेगाने आणि दोनदा सावकाश फिरते. या जोडाला सोळाव्या शतकातल्या इटालियन कार्दानोचं नाव आहे, आणि सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये रॉबर्ट हूकने त्याच्या या असमान फिरण्याचा विचार केला. शाळेत स्प्रिंगचा नियम शिकतो तोच हूक; ट्रकच्या कमानपाट्यातही तो आहे आणि शाफ्टमध्येही. या असमानतेवर उपाय असा, की शाफ्टच्या दुसऱ्या टोकाला दुसरा क्रॉस बसवायचा आणि शाफ्टच्या दोन्ही टोकांचे योक, म्हणजे क्रॉस धरणारे चिमटे, एका रेषेत ठेवायचे. मग पहिल्याने घातलेली चलबिचल दुसरा काढून घेतो. पण मधल्या सरकत्या जोडाला अनेक खाचा असतात, आणि शाफ्ट एक खाच पुढे-मागे बसवला तरी सहज बसतो. बसतो, आणि मग दोन्ही क्रॉस एकमेकांची चूक पुरी खोडू शकत नाहीत. म्हणून जाणता माणूस शाफ्ट सोडण्याआधी दोन्ही तुकड्यांवर छिन्नीने समोरासमोर खूण करतो. ज्याने ग्रीस भरलं त्याने मनापासून भरलं होतं. खूण तेवढी केली नव्हती.

तेलाचं मी लांबवत नाही, पण ते सोडून चालणार नाही. हाउसिंगमधून काढलेलं तेल वस्ताद पांढऱ्या फडक्यावर ओततात. लोहचुंबकाच्या प्लगला बारीक करडा लगदा असणं साहजिक आहे, दात घासतातच. चकचकीत पोलादी कपच्या आल्या तर बेअरिंग सोलतंय. गिअरबॉक्सच्या तेलात पितळी चमक आली तर सिंक्रोच्या रिंगा गेल्या. हाउसिंगच्या तेलाला गंधकाचा उग्र वास असतो, तो त्यातल्या दाब सोसणाऱ्या औषधाचा. तेच तेल पितळी रिंगांच्या गिअरबॉक्सात घातलं तर काही तेलांतली औषधं पितळ खाऊ शकतात. दोन डबे शेजारी ठेवलेले असतात, म्हणून ही गफलत होते.

1 एप्रिल 2020 पासून नव्या गाड्या बीएस सहा आहेत. इंजिनात आणि धुराच्या वाटेवर सेन्सर, डॅशबोर्डवर दिवे, गॅरेजमध्ये स्कॅनर. स्कॅनरने पुष्कळ काम सोपं केलंय आणि तरुण मुलं ते झपाट्याने शिकतात. पण पिनियनचं बेअरिंग झिजल्याचा दिवा मी पाहिलेला नाही. क्रॉस कोरडा पडून हळू वेगाला चिमणीगत चिवचिवतो, त्याचाही नाही. स्कॅनर सगळं ठीक दाखवतो आणि गाडी घूं करत असते, तेव्हा त्या मुलांचे चेहरे मी पाहिलेत. त्यांना कान नाहीत असं अजिबात नाही. त्यांना कुणी भरलेल्या गाडीत बसवून घाटापर्यंत नेलेलं नाही, इतकंच.

नव्याने बनणाऱ्या मध्यम आणि जड ट्रकांना 2025 मध्ये वातानुकूलित केबिन सक्तीची झाली. ही गोष्ट फार आधी व्हायला हवी होती. वैशाखात पायाखाली तापलेलं इंजिन आणि डोक्यावर तापलेला पत्रा घेऊन आमच्या मामांनी उभं आयुष्य काढलं. त्यांच्या पाठीवर घामोळ्याचे डाग कायमचे उठलेत. नव्या केबिनची काच बंद राहणार, रबर घट्ट असणार, गाडीचं बोलणं आत कमी पोचणार, हे मला कळतं. त्यावर मामांनी स्वतःच तोड काढली. सपाटीला काच बंद. मलकापूर ओलांडलं की काच खाली, आंब्यापर्यंत जे ऐकायचं ते ऐकून घ्यायचं, आणि शंका आली तर घाटाच्या वरच थांबायचं. नव्या ड्रायव्हरांना आम्ही आता हे सांगूनच गाडी देतो.

राहिला पैशांचा प्रश्न, आणि माझ्या दृष्टीने तो सगळ्यात मोठा आहे. गॅरेजच्या बिलात वस्तू असतात आणि मजुरी असते. ऐकण्याची ओळ नसते. त्या घूंच्या बिलात दोन बेअरिंगं, ऑइल सील, शिम, तेल आणि हाउसिंगची मजुरी एवढंच होतं. वस्ताद दुपारभर केबिनमध्ये बसले, पाच-सहा प्रश्न विचारून गिअरबॉक्स वाचवला, त्याचा एक रुपया नव्हता. वाटेतल्या त्या गॅरेजने गिअरबॉक्स उतरवला असता तर त्याची मजुरी याहून जास्त झाली असती आणि आवाज तसाच राहिला असता. चुकीचं उघडणाऱ्याला जास्त मिळतं, न उघडता सांगणाऱ्याला कमी. अशाने 'बदलून बघू' म्हणणारी माणसं वाढतात आणि प्रश्न विचारणारी घटतात, आणि त्यात मिस्त्रींचा दोष कमी, बिल देणाऱ्या आमच्यासारख्यांचा जास्त आहे. ज्याचे पैसे आपण देत नाही ते काम उद्या कुणी शिकणार का, हे आपणच ठरवत असतो.

मी वहीत नवा रकाना पाडला: आवाज तपासणी. वस्तादांना तो दाखवला तेव्हा ते अवघडले. असे पैसे आजवर कुणी दिले नाहीत, म्हणाले, गिऱ्हाईक दुसरीकडे जाईल. मी म्हटलं, गिऱ्हाईक मीच आहे. मग दर ठरवायला बसलो. ते कमी सांगत होते, मी जास्त. शेवटी गिअरबॉक्स उतरवण्याच्या मजुरीच्या निम्मा धरला. गाडी उघडावी लागली तरी द्यायचा, नाही लागली तरी द्यायचा. आणि वस्तादांनी त्यात एक अट घातली, की त्यातला तिसरा हिस्सा त्या पोराच्या नावावर वेगळा लिहायचा, योकच्या गाडीपासून धरून.